तीन टन अॅल्युमिनियम

अल कुसैस, दुबई
३ ऑक्टोबर २०२५

जहूर,

डबल-हेड कटिंग मशीनखालचं टेबल. मागच्या भिंतीचं सहा कप्प्यांचं रॅक. अल मजाजच्या टॉवरमधले बाल्कनीचे सरकते दरवाजे, जे आजही एका बोटाने सरकतात. बर दुबईच्या कापडवाल्याची ट्रायल रूम, आरशाच्या चौकटीसकट. उर्मिलेच्या किचनमधली भांड्यांची मांडणी. आणि तुझी नमाजाची घडीची खुर्ची, वजन दोन किलो शंभर. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं आणि यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. तू हसशील, म्हणशील भिकू सुरू झाला. होऊ दे. दमलो की मी असं घोकत बसतो.

मुद्दा असा, की यातल्या प्रत्येक वस्तूत अर्धा तू आहेस. मी मापं घेतली, तू कापलंस. बावीस वर्षं हे अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं शॉप दोघांचं होतं. तू कान गमावून दाभोळला परतलास तेव्हा ठरलं, की तुझा हिस्सा मी रोखीने देईन. ते तीन वर्षं लांबलं. तू कधी मागितला नाहीस, यंदा पहिल्यांदा मागितलास, तोही हजसाठी. रुकय्याभाभींना आणि तुला दोघांना जायचंय, टूरवाल्याला पाच डिसेंबरच्या आत पूर्ण पैसे हवेत. तीस हजार दिरहम, म्हणजे आपले सात लाख वीस हजार.

शारजाचा बिल्डर बाकी देतच नाही. दर गुरुवारी जातो, दर गुरुवारी "इन्शाल्ला नेक्स्ट वीक". म्हणून मी दुसरी वाट काढली, आणि मुद्दाम तुझ्या मनासारखी काढली. इस्लामी क्रेडिट कार्ड घेतलं! व्याज नाही. बँकेत धर्मशास्त्र जाणणाऱ्या लोकांचं मंडळ असतं, त्यांच्या सह्या आहेत. हप्ता उशिरा गेला तर दंडाचे पैसेसुद्धा बँक ठेवत नाही, दानधर्माला देते. हे मला फार आवडलं. त्या कार्डावर तीस हजार उचलले, माझ्या खात्यात येऊन पडलेत. टूरवाल्याचा खातेनंबर कळव, उद्या पाठवतो.

या पत्राचा फोटो नीट उजेडात काढलाय. मागच्या पत्रावर सावली पडली म्हणून ओरडला होतास. फोनवर बोलता आलं असतं तर ही लिहायची कटकट नव्हती, पण तुझे कान. असो.

भाभींना सांग, बॅग भरायला घ्या.

भिकाजी

•

दाभोळ
६ ऑक्टोबर

भिकू,

सलाम. पत्र मिळालं, उजेड छान होता. रुकय्याने फोन हातातून ओढून घेतला आणि तुझी यादी मोठ्याने वाचून दाखवली, मला ऐकू येत नाही हे विसरून. हसून हसून बेजार झाली. मग पुढचं वाचून फोन माझ्या हातात परत दिला.

खातेनंबर आत्ता पाठवत नाही. रागावू नकोस. आधी एक विचारतो.

व्याज नाही म्हणतोस, मग बँकेला मिळतं काय? फुकट तर कोणी तीस हजार देत नाही. इथले इमामसाहेब शिकलेले आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी कागदावर लिहून सांगितलं, अशा कार्डांचे प्रकार असतात. काही बँका नुसती दरमहा ठरलेली फी घेतात. काही मात्र माल विकतात. म्हणजे बँक कुठेतरी धातू विकत घेते, तो तुला थोड्या चढ्या भावाने उधारीवर विकते, आणि तुझ्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीत विकून पैसे तुझ्या खात्यात टाकते. वरचा फरक तो बँकेचा नफा. पैशावर पैसा घेणं आम्हाला मना, पण माल विकून नफा घेणं मना नाही. काही उलेमा याला परवानगी देतात. काही म्हणतात, ही फक्त कागदावरची फिरवाफिरव आहे, नाव बदललेलं व्याज.

मी विचारलं, मग ओळखायचं कसं? ते म्हणाले, एक सोपी कसोटी आहे. ज्याने विकत घेतलं त्याला तो माल उचलून घरी नेता आला असता का? आला असता, तर ती विक्री. नसता आला, तर नुसते शब्द.

तेव्हा बघ जरा. तुझ्याकडे काही मेसेज आला असेल. तू आयुष्यात न वजन करता माल घेतला नाहीस. मागच्या रॅकवरचे बोटभर तुकडेसुद्धा फेकत नाहीस, अजून साठवतोयस ना ते? मग हा माल बघितलास का?

उर्मिलावहिनींना सलाम.

जहूर

•

अल कुसैस
१७ ऑक्टोबर

जहूर,

मेसेज सापडला. इंग्रजीत होता, मी बँकेची जाहिरात समजून पुसणार होतो. त्यात लिहिलंय, की मी बँकेकडून तीन टन अॅल्युमिनियम विकत घेतलं. अॅल्युमिनियम! सोनं नाही, तांबं नाही, पामतेल नाही. बावीस वर्षं जे मी डोक्यावरून वाहिलं तेच मला विकलं, आणि मला पत्ता नाही.

तू विचारलंस, बघितलास का. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, बघायचं कशाला, घेऊनच येतो.

हमदुल्ला आठवतो? थ्री-टन पिकअपवाला पठाण, रोला मार्केटमधून काचा आणायचा. त्याला सकाळी बोलावलं. बेल्ट, ताडपत्री, लाकडी ठोकळे सगळं घेतलं. बँकेच्या दारासमोर गाडी लावली. वॉचमन म्हणाला, इथे नाही लावायची. मी म्हटलं, बँकेचाच माल भरायचाय. तो बिचारा बाजूला झाला.

आत टोकन घेऊन बसलो. काउंटरवर एक मुलगी, छातीवरच्या पाटीवर नाव शुभ्रा. मराठी वाटली म्हणून मराठीतच सुरू केलं.

"माल न्यायला आलोय."

"कोणता माल, अंकल?"

मेसेज दाखवला. तिने वाचला, परत वाचला.

"अंकल, हा ट्रेड मेसेज आहे. तो सगळ्यांना जातो."

"मग सगळे येऊन नेत नाहीत?"

"सीरियसली? माझ्या चार वर्षांत कोणीच नाही आलं."

"मी आलोय. बाहेर गाडी उभी आहे."

तिने काचेतून बाहेर बघितलं. हमदुल्ला मागचं फळकूट उघडून तयारीत उभा होता. मला वाटलं हसेल. हसली नाही. मला आत एका खोलीत नेऊन बसवलं, चहा मागवला आणि माझी फाइल आणली. पोरगी इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलते, पण कामात पक्की. तिने सगळं समजावलं, तुझ्या इमामसाहेबांनी सांगितलं जवळजवळ तसंच. वर म्हणाली, "काही स्कॉलर्स याला ओके म्हणतात, काही नाही म्हणत. आमच्या बोर्डाने ओके म्हटलंय. मी तुम्हाला दोन्ही बाजू सांगतेय, कारण तुम्ही विचारलंत."

मी म्हटलं, "ते राहू दे. माझं अॅल्युमिनियम मला द्या."

मग तिने पान अकरा काढलं. तिथे लिहिलंय, की माल ताब्यात घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे, पण विकायच्या आधी तसं कळवावं लागतं. नाहीतर माझ्या वतीने विकायचा अधिकार मी बँकेला दिलाय.

"खाली सही तुमचीच ना, अंकल?"

माझीच होती. चौकटीचं प्रोफाइल अर्धा मिलिमीटर पातळ असलं तर मी नखाने ओळखतो, आणि हे पान न वाचता सही ठोकली. शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा नीट काढली होती.

मी विचारलं, "बरं, विकलंत. पण विकायच्या आधी तो माल होता कुठे? कुठल्या गोदामात? माझे तीन टन कुठले आणि शेजाऱ्याचे कुठले?" तिने थाप मारली नाही. म्हणाली, "मला माहीत नाही. मी शरिया डिपार्टमेंटला लेखी विचारते. रिप्लाय येईल." माझ्यासमोर टाइप केलं आणि वाचून दाखवलं.

बाहेर आलो. हमदुल्ला म्हणाला, "उस्ताद, माल किधर है?"

"कागज में है."

"तो कागज उठा लो, यल्ला, जल्दी चलो, पीछे गाडी खडी है."

त्याला फेरीचे पैसे दिले. घ्यायला तयार नव्हता, रिकामी गाडी परत न्यायचे कसले पैसे म्हणाला.

शॉपवर येऊन बसलो तर हात उचलवेना. काहीच उचललं नव्हतं आणि पाठ भरून आली होती.

पैसे खात्यात तसेच आहेत. बँकेचं उत्तर आलं की कळवतो. तू टूरवाल्याला थांबायला सांग.

भिकाजी

•

दाभोळ
२० ऑक्टोबर

भिकू,

दिवाळीच्या शुभेच्छा. उर्मिलावहिनींच्या चकल्या तोंडात आल्या, म्हणजे आठवणीतल्या.

तुझं पत्र मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं. खरंच गाडी घेऊन गेला? असं सगळे विचारतात. इमामसाहेब हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या दोस्ताने फार नेमका प्रश्न विचारला, आमच्यातले बरेच जण तो विचारायला विसरतात. आणि म्हणाले, "जायज मानणारे मोठे लोक आहेत. तुम्ही त्यांच्या भरवशावर गेलात तर मी बोट दाखवणार नाही."

पण तू आता त्या बँकेत चकरा मारू नकोस. तुला बीपी आहे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी जाऊ. हज कुठे पळून चाललाय? रुकय्यालाही तसंच सांगितलं.

समुद्र सध्या शांत आहे. संध्याकाळी जेटीवर जाऊन बसतो, फार चालवत नाही म्हणून रिक्षा करतो.

जहूर

•

अल कुसैस
९ नोव्हेंबर

जहूर,

उत्तर आलं. शुभ्राने स्वतः फोन करून बोलावलं आणि कागद हातात दिला. माझे तीन टन परदेशातल्या एका गोदामात होते. तिथे पंचवीस-पंचवीस टनांच्या थप्प्या असतात आणि माझे तीन त्यातल्याच एका थप्पीत. कोणते, ते दाखवता येत नाहीत. ताब्यात घ्यायचे तर अख्खी थप्पी घ्यावी लागते. प्रमाणपत्र आहे, मंडळाची मान्यता आहे. आणि वर कळस म्हणजे तो माल सिल्लीच्या, म्हणजे ओतीव ठोकळ्यांच्या रूपात. सिल्ली घेऊन मी काय करू? खिडकीला प्रोफाइल लागतं. ते तीन टन माझ्या दारात आणून टाकले असते तरी त्यातून एक बिजागरी झाली नसती.

हे पुरे आहे की नाही ते तुझ्या इमामसाहेबांना विचार. मी थकलो. मी ना मौलवी ना वकील, सातवी पास माणूस. माल आहे म्हणतात, पण बोट ठेवता येत नाही. माझ्या शॉपवर असं गिऱ्हाईक आलं आणि मी म्हटलं, तुमची खिडकी त्या पंचवीस खिडक्यांत कुठेतरी आहे, तर ते मला सोडेल का?

पण खरा राग त्यांचा नाही, तुझा आहे. पुढच्या वर्षी जाऊ, असं किती आरामात लिहिलंस. तीन वर्षं हिस्सा दिला नाही म्हणून हे ऐकवतोस का? माझे पैसे तुझ्या हजला चालत नाहीत असं सरळ लिही ना. बँकेचं नाव कशाला पुढे करतोस? मी हिंदू म्हणून मला हे कळणार नाही असं वाटतं का तुला? त्या मंडळाचे कागद मी रात्री डिक्शनरी घेऊन वाचले आहेत.

पैसे खात्यात पडून आहेत. काय करायचं ते सांग. नाहीतर काही सांगू नकोस.

भिकाजी

•

दाभोळ
१२ नोव्हेंबर

भिकू,

पत्र वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. रुकय्या म्हणाली, लिहा, तो तिकडे जळत बसला असेल.

आधी जे लपवलं ते सांगतो. गुडघे गेलेत. दोन्ही. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका, आणि ऑपरेशननंतर इतकं चालणं जमेल याची हमी नाही. म्हणून यंदाच जायचं होतं. पुढच्या वर्षी जाऊ हे तुझ्या बीपीसाठी लिहिलं, माझ्यासाठी नाही. पुढच्या वर्षी मी कोणीतरी ढकलत नेलेल्या चाकांच्या खुर्चीवरून जाईन. जातात तसेही लोक, वाईट नाही. पण मला माझ्या पायांनी जायचं होतं.

आता कार्डाचं. भिकू, ते हलाल असेलही. थप्पीतल्या तीन टनांवरही विद्वानांत मतं आहेत. इमामसाहेबांनी सांगितली, मला निम्मी कळली. मी त्या भांडणाचा न्याय करणारा कोण? पण तू हे विसरलास, की हजला निघताना आमच्यात माणूस काय करतो. गफूरचाचा निघाले तेव्हा तू होतास की इथे. घरोघर जाऊन माफी मागितली, सगळ्यांची देणी फेडली, तुझ्या वडिलांचा आठ आण्यांचा जुना हिशेबसुद्धा. ओझं उतरवून निघायचं असतं.

आणि मी निघणार ते तुझ्या डोक्यावर ओझं चढवून? मी देणी फेडून हजचा पांढरा एहराम बांधणार आणि माझ्यापायी माझा भाऊ बँकेचा देणेकरी? माझा अर्धा प्रश्न कार्डाचा होता. उरलेला अर्धा हा होता. तो मी पहिल्याच पत्रात लिहायला हवा होता, पण म्हटलं, तू लगेच म्हणशील माझं मी बघतो.

तू हिंदू म्हणून, हे वाक्य परत लिहिलंस तर खुर्ची परत पाठवीन.

बँकेचे पैसे बँकेला देऊन टाक. माझ्या हिश्शाचं होईल तेव्हा होईल.

जहूर

•

दाभोळ
४ डिसेंबर

भिकू,

टूरवाला सकाळी घरी आला, पावती घेऊन. म्हणतो, दुबईवरून पूर्ण रक्कम आली. दोन्ही सीटा पक्क्या. रुकय्या उंबऱ्यातच बसली.

मधे बावीस दिवस एक ओळ नाही आणि आता हे. पैसे कुठून आणलेस? तुझ्या पद्धतीने सांग. वजन, भाव, कोणी घेतलं, सगळं. त्याशिवाय मी बॅगेला हात लावणार नाही.

जहूर

•

अल कुसैस
७ डिसेंबर

जहूर,

आधी बॅगेला हात लाव, मग वाच.

तुझं बारा तारखेचं पत्र वाचलं. गुडघ्यांचं मला सांगायला हवं होतंस. असो, मीही बिल्डरबद्दल अर्धंच सांगितलं होतं. तो पळून गेलाय. नेक्स्ट वीक खलास.

बँकेचे तीस हजार खात्यातून काढून बँकेला परत भरले. मग शॉपमध्ये मागच्या रॅकसमोर येऊन बसलो. उर्मिला डबा घेऊन आली. म्हणाली, "अॅल्युमिनियम शोधत शहरभर फिरलात. हे समोर काय आहे?"

पंधरा वर्षांचे तुकडे. तू हसायचास, काय करणार आहेस यांचं म्हणून. मला वाटायचं, वेळ मिळाला की एकेकाचं काहीतरी करीन. खिडकीचे कोपरे, दारांच्या पट्ट्या, अल मजाजच्या कामातून उरलेली पूर्ण लांबीची पाच प्रोफाइलं. हमदुल्लाला फोन केला. म्हणाला, "उस्ताद, इस बार माल है या फिर कागज?" म्हटलं, "आ, हाथ लगा के देख."

दोन फेऱ्या झाल्या. शारजातल्या सजा भागातल्या भंगारवाल्याकडे काट्यापाशी स्वतः उभा राहून वजन करून घेतलं. गंमत म्हणजे तीन टनांना नव्वद किलो कमी भरलं. उरलेल्यासाठी डबल-हेड मशीन विकलं. तेच, ज्याने तुझे कान खाल्ले. हमदुल्लाच्या मेहुण्याला शारजात शॉप टाकायचंय, त्याने नेलं. त्याला बजावून सांगितलं, कानात बोळे घातल्याशिवाय चालवायचं नाही, तुझं उदाहरण दिलं. टेबल मात्र दिलं नाही. मशीन बाजारात मिळतं, ते टेबल मिळत नाही. आता मी छोट्या मशीनवर कापतो, वेळ लागतो, पण लहान कामंच घेणार आहे. माझीही पाठ आता तीच मागते.

तर हे पैसे असे आले, आणि खातेनंबर मी टूरवाल्यालाच फोन करून घेतला. यातल्या प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवता येतं, आणि निम्मे तुझ्या हाताने कापलेले आहेत. मी तुला काही दिलेलं नाही, तुझंच तुला पाठवलंय. माझ्या डोक्यावर कोणाचं काही नाही. आता मोकळ्या मनाने नीघ. आणि माफीबिफी मागायला फोन करू नकोस, तुला ऐकू येणार नाही आणि मला बोलता येणार नाही.

वजन करायच्या आधी चांगले तुकडे बाजूला काढले होते. त्यांची नवी खुर्ची केली आहे, एक किलो सहाशेची, घडी केली की बगलेत मावते. गुडघे तिकडे कुरकुरले तर बसायला. पंधरा तारखेला चिपळूणचा एक माणूस गावी निघतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. पायांचे रबर घट्ट आहेत, सुरुवातीला जोर लावावा लागेल.

आता शेवटचं. काल कार्ड बंद करायला बँकेत गेलो. शुभ्रा होती, तिचे साहेबही होते. बँकेने लावलेला नफा भरायचा बाकी होता. साहेब चांगले होते, खुर्ची दिली, खजूर दिले. म्हणाले, तुमचा प्रश्न वरपर्यंत गेलाय, तो बंद करू या. एका कागदावर सही करा, की मालाबद्दल तुमचं पूर्ण समाधान झालं. मग आम्ही नफा सगळा माफ करतो.

या वेळी कागद पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. मग त्यांना म्हटलं, साहेब, भाव ठरला होता आणि खाली सही माझी आहे, तो मी देणार. तुमचं कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणारे माझ्यापेक्षा शिकलेले आहेत. पण जे अॅल्युमिनियम मी पाहिलं नाही, ते पाहून समाधान झालं असं लिहून देणार नाही. शुभ्रा खाली बघत होती. मला वाटतं, हसत होती.

नफा काउंटरवर रोख भरला, पावती घेतली, कार्ड त्यांच्यासमोर कात्रीने कापलं, सरळ रेषेत. त्यांनी माफ करतो म्हटलेली आणि मी नको म्हटलेली रक्कम होती दोन हजार एकशे साठ दिरहम. आपले एक्कावन्न हजार आठशे चाळीस.

भिकाजी